सड्याचे उद्यान करू इच्छिणाऱ्यांसाठी

आपल्या गावाला लागून कातळाचा एखादा सडा असेल आणि तो अद्याप कोणाच्या डोळ्यांवर आलेला नसेल, तर आपले अभिनंदन करावे तेवढे थोडे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत असे सडे मैलोन् मैल पसरलेले आहेत. पावसाचे चार महिने ते पाण्याने आणि गवताफुलांनी भरलेले असतात, उरलेले आठ महिने काळेठिक्कर आणि तापलेले. सातबाऱ्यावर त्यांची गणना बहुधा पोटखराब्यात होते, म्हणजे ज्या जमिनीतून पीक निघत नाही त्या जमिनीत. अशी जमीन तशीच पडू देणे आपल्यासारख्या विकासाभिमुख लोकप्रतिनिधीला शोभत नाही. तिचे शाश्वत निसर्ग वारसा उद्यान व्हावे, तेथे जनतेचे मनोरंजन व्हावे आणि जाता जाता तिच्या पदरात थोडे शिक्षणही पडावे, असे आपल्या मनात आले असेल, तर पुढील सूचना आपल्याच सोयीसाठी केल्या आहेत.

सर्वांत आधी मुहूर्त पाहावा. जागेची पाहणी मे महिन्याच्या मध्यावर, दुपारी बाराच्या सुमारास ठेवावी. त्या वेळी कातळावर उतरलेला कोणताही अभियंता पाच मिनिटांत ‘जागा ओसाड आहे’ असा शेरा लिहून गाडीतल्या गारव्याकडे परततो, आणि तो शेराच पुढे प्रकल्प अहवालाचा पाया ठरतो. हीच पाहणी चुकून पावसाळ्यात झाली तर सगळाच घोटाळा होतो. मृगाच्या सरी पडून गेल्या की कातळाच्या भेगांतून दीपकाडी पांढरीशुभ्र फुले घेऊन वर येते, आणि ही वनस्पती कोकणपट्टीबाहेर सापडत नाही. तिच्या मागोमाग गेंद येतो, तेरडा येतो, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी झाक पाणथळ जागांवर पसरते. मग वनस्पतिशास्त्राचे एखादे प्राध्यापक भिंग घेऊन गुडघ्यांवर बसतात आणि प्रशासकीय मान्यता तेथेच अडकते. दीपकाडीचा कंद मे महिन्यातही त्याच भेगेत निजलेला असतो, हे खरे आहे. परंतु जे डोळ्यांना दिसत नाही ते पाहणी अहवालात लिहिण्याचा आपल्याकडे प्रघात नाही.

सड्याचा मोठा दोष म्हणजे त्यावर माती नाही. कोठे बोटभर, कोठे वीतभर, बाकी सगळा नुसता जांभा. हा दोष डंपरने दूर होतो. पायथ्याच्या शेतांतली तांबडी माती आणून सर्वत्र हातभर थर द्यावा, त्यात शेणखत मिसळावे, वर युरिया फेकावा आणि तयार हिरवळीच्या गुंडाळ्या आणून सतरंजीसारख्या अंथरून टाकाव्यात. येथे कोणीतरी हरकत घेईल. सड्यावरच्या मातीत नत्र जवळजवळ नसतेच, म्हणून तर येथील दवबिंदू नावाची वनस्पती आपल्या केसाळ पानांवर चिकट थेंब धरून बसते आणि त्यांवर बसलेला किडा जिरवून टाकते. सीतेच्या आसवांच्या मुळांसारख्या भागांवर टाचणीच्या डोक्याहूनही लहान फुगे असतात आणि ते पाण्यातले सूक्ष्म जीव क्षणार्धात आत ओढून घेतात. माती सकस झाली की धष्टपुष्ट गवत माजेल आणि या वनस्पती त्याखाली गुदमरून जातील, असे ती व्यक्ती सांगेल. तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे आणि उत्तर द्यावे की, ज्या वनस्पतींवर स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांनीही किडे खाऊन दिवस काढण्याची पाळी आली आहे, त्यांची हलाखी दूर करणे हे कल्याणकारी शासनाचे कर्तव्यच आहे.

झाडांची निवड करताना मन मोठे ठेवावे. गुलमोहर मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेचे, आणि प्रवेशद्वारापाशी दोन्ही बाजूंना उभे राहणारे बाटलीसारख्या खोडाचे पाम आणखी कोठले. वारसा आपलाच असावा असा आग्रह धरणे संकुचितपणाचे आहे. रोपांसाठी खड्डे घेताना कातळ फुटत नसेल तर सुरुंग लावावा. आंबा-काजूच्या लागवडीत ही कला कोकणाने चांगली कमावली आहे.

त्यानंतर सडा स्वच्छ करून घ्यावा. सड्यावर सुटे दगड फार असतात आणि ते दिसायला वाईट दिसतात. एखादा दगड उचलून पाहण्याची हौस असेल तर सकाळच्या वेळी सावकाश, एका कडेने उचलावा. खाली जमिनीला पोट लावून बसलेली एक चिमुकली पाल दिसेल, काळसर अंगावर पांढरे पट्टे असलेली. उजेड पडताच ती दोन क्षण तशीच थबकते आणि मग शेजारच्या दगडाखाली पसार होते. शास्त्रज्ञांनी १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावच्या नमुन्यांवरून हिचे वर्णन केले, आणि आजही ती दक्षिण कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांपुरतीच माहीत आहे. तिचे घर म्हणजे तो सुटा दगड, दुसरे काही नाही. हे सर्व दगड गोळा करून त्यांचे पायवाटेच्या कडेने सुबक कठडे रचावेत आणि सिमेंटने सांधे भरून घ्यावेत, म्हणजे ‘स्थानिक साहित्याचा वापर’ हा रकाना भरतो. पाल बेघर झाली तरी बिघडत नाही, कारण निसर्ग परिचय केंद्राच्या भिंतीवर ट्यूबलाइटखाली तिची दुसरी भावंडे कोणी न बोलावता येतातच, आणि शाळेच्या मुलांना पालीपालींत फरक करता येत नाही. तो करता यावा म्हणूनच उद्यान काढले होते, असे कोणी म्हणाल्यास विषय बदलावा.

निसर्ग परिचय केंद्र मात्र भव्य हवे. ते जांभ्या चिऱ्याचेच बांधावे, कारण पर्यावरणपूरक बांधकाम म्हटले की परीक्षकांना चिरा आवडतो. चिरा लांबून आणला तर वाहतुकीचा खर्च वाढतो आणि इंधन जळते. म्हणून त्याच सड्याच्या मागच्या अंगाला चिरेखाण उघडावी. अशा रीतीने सड्याचा एक भाग कापून काढून उरलेल्या भागाची माहिती देणारी इमारत उभी राहते. आत वातानुकूलन असावे, मोठ्या पडद्यावर सड्याची चित्रफीत चालू असावी आणि खिडक्यांना गडद पडदे असावेत, नाहीतर पडद्यावर बाहेरचा उजेड पडतो. खाण पुढे पाण्याने भरली की तिला बोटिंग क्लब म्हणता येते.

आपल्या सड्यावर कातळशिल्पे असतील तर आपल्यासारखे भाग्यवान आपणच. कोकणातील कातळशिल्पांची नऊ स्थळे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले एक स्थळ आहे. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. जमिनीवर उभे राहून तो एका नजरेत मावत नाही, त्याच्याभोवती फिरत फिरत तो हळूहळू उलगडावा लागतो. पर्यटकाला एवढा वेळ नसतो. यावर सोपा उपाय म्हणजे सर्व रेषांत पांढरा ऑइलपेंट भरून घ्यावा. चित्र उठून दिसते, ड्रोनवरून छान येते आणि दर दिवाळीला पुन्हा रंगवून घेण्याचे काम स्थानिक तरुणांना मिळते. देवाचे गोठणे येथील सड्यावर होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, असा अनुभव आहे. तेथे दिशादर्शक फलक लावताना ठेकेदाराला या सबबीचा लाभ घेऊ द्यावा.

प्रकल्पाला मंजुरी मिळाली की अभ्यास दौरा काढावा लागतो. तो कासला काढावा. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत गेले, आणि तेव्हापासून फुलांच्या हंगामात तेथे मोटारींचाही बहर असतो. गर्दी फार झाली म्हणून प्रवेशासाठी दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आली. आपण तेथून एवढाच धडा घ्यावा की, मर्यादा घालण्याइतकी गर्दी खेचणे शक्य आहे. दुसरा धडा घेण्याच्या भानगडीत पडू नये. तेथे फुले वाचवायची म्हणून जाळीचे कुंपण घातले, गुरांचे चरणे थांबले, आणि मग गवत माजून फुले रोडावल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. शेवटी कुंपण काढण्याची वेळ आली. म्हणजे ज्या गुराख्याला आपण पठाराचा शत्रू समजत होतो, तो इतकी वर्षे एक पैसाही न घेता तेथली निगराणी करत होता. हे जर अहवालात आले तर आपल्या गावचे चार गुराखी उद्या ‘अधिवास व्यवस्थापन तज्ज्ञ’ म्हणून मानधन मागतील. त्यापेक्षा आपण कुंपण घालावे आणि त्याच गुराख्यांपैकी एकाला खाकी गणवेश देऊन फाटकावर बसवावे. त्याच्याच गुरांना तो हाकलील, आणि रोजगारनिर्मितीचा आकडाही एकाने वाढेल.

कायद्याची बाजूही नीट सांभाळावी. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. आपली समिती आहेच. तिच्या सदस्यांना तसे कळवलेले नाही, एवढेच. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० अखेरची मुदत घातली आणि पुढे महिन्याला दहा लाखांची भरपाई लावण्याचे बजावले, तेव्हा वर्षानुवर्षे न झालेल्या नोंदवह्या देशभर धडाधड तयार झाल्या. तशीच एखादी तयार वही मागवून घ्यावी. फक्त ‘सागरी मासे’ हे प्रकरण घाटावरच्या गावाच्या वहीत आणि ‘ऊसपट्ट्यातील पक्षी’ हे आपल्या वहीत राहून गेलेले नाही ना, तेवढे ग्रामसेवकांकडून पाहून घ्यावे. याच कायद्याखाली जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करण्याचीही तरतूद आहे, परंतु त्या वाटेने आपण जाऊ नये. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळची जेमतेम दोन हेक्टर जागा २०२१ साली अशी जाहीर झाली, तीही कशासाठी, तर तेथल्या पाण्यात नव्याने सापडलेल्या बोटभर माशासाठी. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्ड्याची मायरिस्टिका दलदल, म्हणजे रानजायफळाच्या झाडांची पाणथळ राई, तर २.५९ हेक्टरांची, आणि ती आधीपासून गावानेच देवराई म्हणून राखलेली. म्हणजे बांधकाम नाही, उद्घाटन नाही, कोनशिला नाही. देवाच्या धाकाने कोणी फांदी मोडत नाही, इतक्या स्वस्तात काम भागले तर जिल्हा नियोजन समितीने निधी कशासाठी ठेवावा?

शिक्षणाचा भाग फलकांनी उरकतो. फलक इंग्रजीत मोठे आणि मराठीत बारीक असावेत. मराठी नावे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहिण्याची गरज नाही, यंत्राकडून भाषांतर करून घेतले की झाले. मुलांना फुलांपेक्षा प्राणी आवडतात, म्हणून फायबरचा जिराफ, फायबरचा डायनासोर आणि तोंड उघडून बसलेला कचऱ्याच्या डब्याचा पेंग्विन एवढे तरी असावेच. पावसाळ्यात, म्हणजे सड्यावर प्रत्यक्ष पाहण्यासारखे काही असते तेव्हा, शेवाळावरून मुले घसरण्याचा धोका असल्याने उद्यान बंद ठेवावे. शाळांच्या सहली डिसेंबरात येतात. त्या वेळी सडा पुन्हा काळा झालेला असतो आणि जिराफ व्यवस्थित दिसतो.

शाश्वततेसाठी सौर दिवे घ्यावेत, आणि ते पुरत नाहीत म्हणून मध्यभागी एक हायमास्ट. रात्रभर त्याच्याभोवती पतंग गोळा होऊन सकाळी खाली त्यांचा खच पडतो, पण झाडलोटीची तरतूद आधीच केलेली आहे.

शेवटी पाणी. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी सड्याच्या भेगांतून आणि छिद्रांतून खाली जिरते, खालच्या चिकणमातीच्या थराशी अडते आणि पायथ्याच्या झऱ्यांतून, विहिरींतून गावाला मिळते. आपण वर पेव्हर ब्लॉक बसवले, वाहनतळ काँक्रीटचे केले आणि उरलेल्या भागाला गटारे काढून दिली, की हे पाणी जिरत बसण्याऐवजी थेट वहाळाला आणि तेथून समुद्राला मिळते, आणि पावसाळ्यात वाहनतळावर चिखल होत नाही. फेब्रुवारीत गावच्या विहिरींनी तळ गाठला तर घाबरू नये. त्याला हवामान बदल म्हणतात आणि त्यावर वेगळी योजना आहे. टँकर मंजूर करून घ्यावा. मार्चपर्यंत वरची हिरवळही पिवळी पडू लागते, म्हणून तो आधी उद्यानाकडे पाठवावा आणि उरेल ते पाणी गावात सोडावे. हिरवळ वाळली तर देखभालीचे अनुदान परत जाते. गाव वाळले तर माणसे मुंबईला जातात, आणि ती गणपतीत येतातच. तेव्हा त्यांना उद्यान दाखवता येईल. शिवाय गावकऱ्यांना त्या काळात प्रवेशशुल्कात सवलत देण्याचा ठराव मासिक सभेत विचाराधीन आहेच.