परमवीर चक्र फक्त शहिदांनाच मिळतं? नाही!

२६ जानेवारी जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरतो. परमवीर चक्र फक्त शहिदांना मिळतं, जिवंत परतलेल्याला महावीर किंवा वीर चक्रावरच थांबावं लागतं, आणि परमवीरसाठी शत्रूला समोरासमोर मारलेलं असावं लागतं, असं त्यात असतं. पाठवणाऱ्यांची भावना चांगली असेल, पण यातलं एकही विधान खरं नाही.

पहिलं विधान साध्या मोजणीतच पडतं. आजवर २१ जणांना परमवीर चक्र मिळालं, त्यांपैकी १४ जणांना मरणोत्तर. उरलेले सात जण म्हणजे रामा राघोबा राणे, करमसिंग, धनसिंग थापा, होशियार सिंग, बाना सिंग, योगेंद्र सिंग यादव आणि संजय कुमार. कारगिलमध्ये चौघांना परमवीर मिळालं, त्यातले दोघे जिवंत होते.

दुसऱ्या विधानाला उत्तर धनसिंग थापांच्या कहाणीत आहे. १९६२ मध्ये पँगाँग सरोवराकाठच्या सिरीजाप चौकीवर ते लढले. ते मारले गेले असं समजून परमवीर मरणोत्तर जाहीर झालं. नंतर कळलं की ते चीनच्या कैदेत आहेत. ते परत आले, आणि पदक होतं तेच राहिलं! कारगिल युद्धात टायगर हिलवर अनेक गोळ्या अंगावर झेललेल्या योगेंद्र सिंग यादवांचंही तसंच झालं. मरणोत्तर म्हणून नाव जाहीर झालं तेव्हा ते इस्पितळात उपचार घेत होते. जिवंत निघाले म्हणून कुणी त्यांना महावीरवर उतरवलं नाही. उलट कारगिलमध्येच कॅप्टन अनुज नय्यर यांना मरणोत्तर महावीर चक्र आणि कॅप्टन विजयंत थापर यांना मरणोत्तर वीर चक्र मिळालं. पदक कुठलं, हे कामगिरीवर ठरतं. मृत्यू ही अट नियमात कुठेच नाही.

तिसऱ्या विधानाचा मला खरा राग येतो, कारण ते रामा राघोबा राण्यांची कामगिरीच पुसून टाकतं. राणे कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्स या लष्कराच्या अभियंता दलाचे सेकंड लेफ्टनंट. पाकिस्तानशी पहिलं युद्ध चालू होतं. एप्रिल १९४८ मध्ये जम्मूतल्या नौशेराहून शत्रूच्या ताब्यातल्या राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते. वाट सुरुंगांनी भरलेली, जागोजाग झाडं पाडून अडवलेली, आणि वरच्या डोंगरांवरून शत्रूचा मारा चालू. ८ एप्रिलला काम सुरू होताच मॉर्टरच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले दोघे गेले, पाच जण जखमी झाले, आणि त्या पाचांत स्वतः राणे होते. तरी ते थांबले नाहीत. रणगाड्याच्या पोटाखाली शिरून, त्याच्यासोबत सरपटत, दोरीने चालकाला खुणा करत ते पुढे गेले. ११ एप्रिलपर्यंत, झोप-विश्रांतीची पर्वा न करता, हाताने सुरुंग काढणं, अडथळे उडवणं आणि पर्यायी वाट करणं चालू राहिलं. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत पोचलं.

या कामगिरीत समोरासमोर कुणाला मारणं नाही. पण ते रणगाडे पोचले नसते तर राजौरीतल्या लोकांची सुटका आणखी लांबली असती. शत्रूच्या उपस्थितीत दाखवलेलं असामान्य धाडस किंवा आत्मत्याग, एवढंच परमवीरचा नियम मागतो. ते जमिनीवर असो, समुद्रात वा आकाशात.

राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले आणि १९९४ मध्ये पुण्यात वारले. त्या पराक्रमानंतर ते ४६ वर्षं जगले. बॉम्बे सॅपर्सचं केंद्र पुण्यातच, खडकीला आहे. ज्या शहरात त्यांनी शेवटचा श्वास घेतला, तिथल्या ग्रुपांवरही जर "जिवंत माणसाला परमवीर मिळत नाही" असं फिरत असेल, तर ते थांबवायला हवं. पुढच्या वेळी मेसेज आला, तर त्याखाली ती सात नावं लिहून पाठवा, आणि सुरुवात राण्यांपासून करा.