बुडापेस्टचा घोडा लिओनार्दोने ओतला, हे ठरवलं कुणी?

कोल्हापूरच्या फाउंड्रीत जन्म गेलेल्या माझ्या मामानेसुद्धा तो मेसेज पुढे ढकलला, म्हणून लिहायला बसलो. मेसेजचा मजकूर असा: लिओनार्दो द विंचीने स्वतःच्या हाताने ओतलेला, 500 वर्षं दडवून ठेवलेला ब्राँझचा घोडा बुडापेस्टमध्ये आहे, एक्स-रेने ते सिद्ध झालंय. खाली ‘अस्सल मर्यादित प्रत’ विकत घ्यायची लिंक.

‘दडवलेला’ म्हणे! एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इश्तवान फेरेंत्सी या हंगेरियन शिल्पकाराने तो इटलीत विकत घेतला. त्याला तर तो प्राचीन ग्रीक वाटला होता. 1914 पासून तो तिथल्या ललितकला संग्रहालयाकडे आहे.

‘स्वतः ओतला’ यावर मात्र डोकं फिरतं. लिओनार्दोचं म्हणून सगळ्यांनी निर्विवाद मान्य केलेलं एकही शिल्प आज शिल्लक नाही. मिलानच्या ड्यूकसाठी तो भलाथोरला घोडा करत होता, तो कसा ओतायचा होता हे माद्रिदला 1960च्या दशकात पुन्हा हाती लागलेल्या त्याच्याच वहीवरून कळतं. घोडा आडवा ठेवून, शेपटीशिवाय ओतायचा, असं त्याने 20 डिसेंबर 1493 रोजी नोंदवलंय. म्हणजे तोवर ओतकाम कागदावरच. पुढच्याच वर्षी त्यासाठी साठवलेला धातू तोफांसाठी फेराराला गेला, आणि 1499 मध्ये मिलान घेतलेल्या फ्रेंच तिरंदाजांनी मातीच्या नमुन्यावर नेम धरून त्याची वाट लावली. ओतकाम झालंच नाही.

बुडापेस्टचा घोडा जेमतेम 24 सेंटिमीटरचा. त्याचा मूळ नमुना कुणाचा आणि तो ओतला कुणी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मामा, पॅटर्न करणारा, साचा भरणारा आणि धातू ओतणारा एकच माणूस असतो का रे? तेव्हाही नसायचा. कितीतरी शिल्पकार मेणाचा किंवा मातीचा नमुना करून ओतकाम दुसऱ्याकडे सोपवत. नमुना कार्यशाळेत पडून राहून, करणारा गेल्यावर कुणीतरी ओतला, असंही घडू शकतं. लिओनार्दो 1519 मध्ये गेला.

एक्स-रेत धातूची जाडी, आतला गाभा, खिळे, जोड, डागडुजी दिसते. मिश्रधातूच्या तपासणीत तांबं-कथलाचं प्रमाण कळतं. ओतणाऱ्याचं नाव त्यात कुठे उमटणार? आणि ताडून बघायचं तर कशाशी? सही पडताळायला आधी एक खरी सही हातात लागते.

बरं, एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. मागच्या पायांवर उसळलेला, अंग पिळलेला हा घोडा लिओनार्दोच्या विंडसरमधल्या रेखाटनांच्या फार जवळचा आहे. 1916 मध्ये शिमोन मेलर या अभ्यासकाने त्याचं नाव सुचवलं ते काही उगाच नव्हे. कल्पना त्याची असेल, नमुनाही कदाचित. पण काही अभ्यासकांना तेवढंही पटलेलं नाही, वाद चालूच आहे. मेसेजवाल्याने तो परस्पर निकालात काढला.

आणि लिंकवरचा फोटो तर बुडापेस्टचा नाहीच! मेणाच्या एका घोडेस्वाराला कार्लो पेद्रेत्ती या अभ्यासकाने लिओनार्दोचा म्हटलं होतं. त्याच्या साच्यावरून अमेरिकेत ओतलेलं ब्राँझ 2012 मध्ये लोकांसमोर आलं, फोटो त्याचा. त्या मेणाबद्दलही एकमत नाहीच. म्हणजे वाद एका घोड्याचा, फोटो दुसऱ्याचा आणि पैसे मागायचे ‘अस्सल’ म्हणून. मामाने अजून कार्डाचा नंबर टाकलेला नाही, विचारून घेतलंय.