खुलासा : द्राक्षबागेतला स्यूडोमोनास आणि आयसीयूतला

निफाड-दिंडोरीकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय : 'बागेत सोडतात तो स्यूडोमोनास म्हणजे आयसीयूत जीव घेणारा जंतू, नाशिकची द्राक्षं खाऊ नका.'

पुडीवरचं लेबल वाचा : स्यूडोमोनास फ्लुरोसन्स, म्हणजे बुरशीचे रोग रोखायला बागेत सोडतात तो जिवाणू. तो मुळांभोवतीचं लोह आधी ओढून घेतो, रोग आणणाऱ्या बुरशीला काही उरत नाही. २५ ते ३० अंशांत तो जोमात असतो. आपल्या अंगाच्या ३७ अंशांत त्याची वाढ सहसा रखडते.

भाजलेल्या जखमांत, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत छळतो तो स्यूडोमोनास एरुजिनोसा, वेगळी जात. आडनाव एक, माणसं दोन. (शिवाय एरुजिनोसा सिंकच्या ओलीतही सापडतो, त्याला बाग लागत नाही.)

फवारताना मास्क हवाच, द्राक्षंही धुऊनच खायची. पण तो मेसेज पुढे ढकलू नका. ढकलला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.