मरणाऱ्यांचा आलेख आणि काटोल गाडी

आज नागपुरात वर्धा रोडवरच्या एका एसी हॉलमध्ये आमच्या अख्ख्या स्टाफला 'चेंज मॅनेजमेंट' शिकवलं. एक तारखेपासून अकाऊंट्स, स्टोअर, डिस्पॅच सगळं नव्या सॉफ्टवेअरवर, जुनी सिस्टीम आदल्या रात्री बंद. हे सांगायला मोठे साहेब आलेच नाहीत. स्क्रीनवर आले, 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' म्हणाले अन् गायब. आमच्या अकाऊंट्समधल्या काकांनी, रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलंय त्यांच्या, एवढंच विचारलं की मार्च तोंडावर आहे, दोन महिने जुनं-नवं सोबत चालवता येईल का? तर तो कन्सल्टंट पोट्टा माईकवर म्हणतो, "सर, तुम्ही अजून डिनायलमध्ये आहात." लोक हसले. आमचेच लोक!

मग स्क्रीनवर तो वाकडा आलेख आला. आधी नकार (तेच ते डिनायल), मग राग, मग खचणं, मग स्वीकार. मित्रांनो, हा आलेख ज्या मांडणीवरून उचललाय ती एलिझाबेथ कुब्लर-रॉस या डॉक्टरबाईंनी १९६९ मध्ये मांडली, असाध्य आजाराच्या पेशंटशी बोलून. म्हणजे मरायला टेकलेल्या माणसांवरून! अन् हे आमच्या काकांना चिकटवून राहिले. काका मरून नाही राहिले, बाप्पा. ते व्हॅटही कोळून प्यायले अन् जीएसटीही. मार्चमध्ये काय काय फाटतं हे त्या हॉलमध्ये फक्त त्यांनाच माहीत होतं.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते, गणेशपेठ डेपोला. हे लिहिलंय मी आधीही, पण आज पुन्हा लिहिणार. तिकिटाचं मशीन आलं तेव्हा बाबा रात्री झोपेनात. इतकी वर्षं तो ट्रे, ते वेगवेगळ्या रंगांचे तिकिटांचे गठ्ठे अन् बोटात पंच. काटोल गाडीत फेटरी यायच्या आत सगळी तिकिटं फाडून मोकळे व्हायचे. हिशोब बोटांत होता त्यांच्या. मशीनमध्ये चुकीचं बटण दाबलं तर कॅश शॉर्ट, अन् शॉर्ट भरायची कोणी? आईला विचारा. तेव्हा कोणी बाबांना डिनायलमध्ये आहात म्हटलं असतं ना, तर पंच फेकून मारला असता त्यांनी.

असो. चिडून राहिले मी, मान्य. काही जुन्या लोकांना खरंच काही शिकायचं नसतं, खुर्ची उबवायची असते, हेही खरं. आणि सॉफ्टवेअर वाईट नाहीच. स्टोअरमध्ये माल पडलेला असताना तोच पुन्हा मागवतो आपण, ते थांबेल.

पण बाबांच्या वेळी काय झालं ते ऐका. डेपोतले एक साहेब सकाळच्या काटोल गाडीत स्वतः मशीन गळ्यात अडकवून चढले. कळमेश्वरच्या एका म्हाताऱ्या बाईला त्यांनी थेट काटोलचं तिकीट दिलं. बाई भांडली, गाडी हसली, साहेबही हसले. मग बाबांनाच विचारलं, "आता हे रद्द कसं करू, सांगा." बाबांना तरी कुठे येत होतं! दोघं मागच्या सीटवर ते मशीन उघडून बसले. आणि साहेब उतरताना म्हणाले, ट्रे सोबत राहू द्या, मशीन बंद पडलं तर तिकीट फाडा. बस्स. बाबा त्या रात्री घोरले.

एवढंच तर मागून राहिले होते काका! ट्रे सोबत राहू द्या, इतकंच.

त्या स्लाईडमध्ये बदल कसा घडवायचा याच्या, हार्वर्डच्या कॉटर नावाच्या प्रोफेसरच्या आठ पायऱ्याही होत्या. त्यातली एक आहे अडथळे दूर करा. म्हणजे काम करणाऱ्याच्या वाटेतले अडथळे हो! पोट्ट्याने काम करणाऱ्यालाच अडथळा समजून टाकलं. अन् हार्वर्डपर्यंत जायचंच कशाला? आपल्याच नागपुरात जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस ही कापड मिल सुरू केली. इंग्लंडातले लँकेशायरचे गिरणीवाले सूत कातायच्या जुन्या म्यूल चात्यांना चिकटून होते, तेव्हा इथे नव्या रिंग चात्या फिरत होत्या. पण नुसतं मशीन नाही आणलं त्यांनी. कामगारांसाठी १८८६ मध्ये पेन्शन फंड, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. मिल सांभाळायला नेमलेले बेझनजी मेहता रेल्वेतून आलेले, कापडाचा अनुभव शून्य. तरी जमलं, कारण शिकायची लाज नव्हती. शेवटी मिल बंदच पडली ना, तिथे आता मॉल आहे ना, असं म्हणाल. म्हणा. शंभराहून जास्त वर्षं चालली, तुमचं ॲप किती चालतं ते बघू.

घरी येताना काकांना गाडीवर सोडलं, महाल भागात. वाटभर गप्प. उतरताना म्हणाले, "पोरी, तो पोट्टा हुशार आहे, फक्त त्याने कधी मार्च एंड केलेला नाही." राग नव्हता हो त्यांना. मलाच आहे.

एचआरने फीडबॅकची लिंक पाठवलीय. त्यात फक्त तारे द्यायचे, शेरा लिहायला जागाच ठेवली नाही. म्हणून इथे लिहिलं. ऑफिसमधले जे गुपचूप वाचून राहिले त्यांनी खुशाल स्क्रीनशॉट काढावा आणि सोबत एवढं वर पोचवावं: ट्रेनिंग ड्युटीच्या वेळात ठेवा, रविवारी नाही. आणि पहिल्या दिवशी पहिलं बिल मोठ्या साहेबांनी स्वतः नव्या सॉफ्टवेअरवर टाकावं. आमच्यासमोर. काका बसतील शेजारी.