'आज सकाळपासून' म्हणजे नक्की कधीपासून?

"दोन वयस्कर माणसं आज सकाळपासून गच्चीवर अडकलीत. एकाला इन्सुलिन लागतं. प्लीज जास्तीत जास्त शेअर करा." खाली मोबाइल नंबर.

एका पुरात आम्ही काही जण लांब बसून असे मेसेज तपासत होतो. हा नंबर लावला तर पलीकडून बाई खेकसल्याच, "अहो, परवाच सुटलो आम्ही! सकाळपासून तुम्ही चाळिसावे. चार्जिंग संपत आलंय, ठेवा फोन."

मेसेज खोटा नव्हता, शिळा होता. माझ्या मते आपत्तीत अफवेपेक्षा शिळी खरी बातमी जास्त घोळ घालते. २०१७ च्या अमेरिकेतल्या हार्वी वादळात पाण्याखालच्या हायवेवर पोहणाऱ्या शार्कचा फोटो फिरला. खोटा निघाला, विषय संपला. शिळ्या मेसेजमागे मात्र एखादी बोट निघते, आणि तेवढा वेळ ती दुसऱ्या कुणाच्या तरी गच्चीपाशी नसते.

आपत्तीत सोशल मीडियाच नको, असं मी म्हणत नाही. २०१८ मध्ये केरळात लोकांनी टाकलेल्या लोकेशनमुळे माणसं सापडली. २०११ च्या पुरात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या पोलिसांनी 'मिथबस्टर' हॅशटॅग लावून एकेक अफवा तिथल्या तिथे खोडली. (व्ह्यूजसाठी मदतीच्या खोट्या हाका मारणारेही असतात. २०२४ च्या जपानमधल्या नोतो भूकंपात ते दिसले. त्यांच्याबद्दल काय बोलणार.)

खरी गोम कॉपी-पेस्टमध्ये आहे. मूळ वेळ गळून पडते, 'आज' तेवढा उरतो. त्यात फेसबुकची फीड वेळेच्या क्रमाने चालत नाही. पोस्ट जितकी फिरलेली, तितकी ती वर येत राहते.

म्हणून लिहिताना 'आज', 'आत्ता' नको. तारीख आणि वेळ घाला. नंबर शक्यतो बाहेरच्या नातेवाइकाचा द्या, अडकलेल्याची बॅटरी त्याच्यासाठी राहू द्या. फेसबुकवर मजकूर उचलून आपल्या नावाने टाकू नका, मूळ पोस्टच शेअर करा. आणि सुटका झाली की पोस्ट डिलीट करू नका. एडिट करून पहिल्याच ओळीत 'सुटका झाली' असं लिहा, म्हणजे शेअर झालेल्या ठिकाणीही ते दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेल्या फॉरवर्डला ही सोय नाही.

पुढच्या वर्षी भलत्याच गावच्या पुरात तो मेसेज मला परत आला. नंबर तोच, इन्सुलिन तेच, 'आज सकाळपासून'ही तेच.