हर्डल म्हणजे आधी ताटी

एका लेखात इंग्रजी ‘हर्डल’ शब्दाचा अर्थ नुसता ‘अडथळा’ म्हणून उरकलाय, ते पटलं नाही. मुळात हर्डल म्हणजे इंग्लंडमधल्या मेंढपाळांची ताटी. उभ्या काठ्यांमधून हेझल किंवा विलोच्या लवचिक फांद्या आडव्या विणायच्या, अगदी आपल्या कुडासारख्या. अशा चार ताट्या जोडल्या की मेंढवाडा तयार! राजद्रोह्यांना फाशी द्यायला फरफटत न्यायचे तेही अशाच ताटीला बांधून, हे वाचताना अंगावर काटा येतो. अडथळ्यांच्या शर्यतीचा अर्थ पुष्कळ नंतरचा. १९व्या शतकात पोरं मेंढ्यांच्या ताट्यांवरून उड्या मारत धावायची. ताट्या जमिनीत घट्ट रोवलेल्या, त्यामुळे पाय अडकला की माणूसच आपटायचा. धक्क्याने कलंडणारा एल आकाराचा हर्डल १९३५च्या सुमारास आला. आणि हो, डब्लिनच्या आयरिश नावातही हीच ताटी आहे: ताट्या टाकून केलेल्या नदीउताराचं गाव.