बर्ड फ्लूला घाबरायची शास्त्रशुद्ध पद्धत

बर्ड फ्लूची बातमी आली की लोक अगदी अडाण्यासारखे घाबरतात. कुणी महिनाभर चिकन सोडतो, कुणी बाल्कनीत कबुतर दिसलं की धाडकन खिडकी लावून घेतो, कुणी तर काहीच करत नाही. असली बेशिस्त बरी नव्हे. तेव्हा पुढची साथ यायच्या आत कुणाला, कधी आणि किती घाबरायचं, ते नीट समजून घ्या.

भीती बाळगायची ती फक्त शिजलेल्या कोंबडीची. जिवंत किंवा कच्च्या कोंबडीला घाबरणं अशास्त्रीय आहे. रविवारी सकाळी खुशाल दुकानात जा. दुकानदार पिंजऱ्यात हात घालेल, पाय धरून बॉयलर वजनाला लावेल, मान कापून पक्षी निळ्या पिंपात टाकेल आणि आतली फडफड थांबेपर्यंत त्याच हाताने आधीच्या गिऱ्हाइकाचे पैसे मोजेल. तुम्हाला सुटे म्हणून पन्नासची ओलसर नोट मिळेल, कडेला एक पांढरं पीस चिकटलेलं. ती शर्टाच्या खिशात ठेवा. घरी आल्यावर चिकन नळाखाली असं खळखळून धुवा की शिंतोडे पालथ्या घातलेल्या चहाच्या कपांपर्यंत गेले पाहिजेत. मग त्याच सुरीने कोशिंबिरीचा कांदा चिरा. इथवर कुठेही घाबरायचं कारण नाही.

खरी वेळ पुढे येते. ७० अंशांना हा विषाणू मरतो आणि आपल्या पातेल्यातला रस्सा अर्धा तास रटरटत असतो, असं कुणी तरी सांगेल. ऐकू नका. वाफाळतं ताट समोर आलं की ते हळूच पुढे सरकवा आणि म्हणा, "मला पीस नको हो, सध्या ते बर्ड फ्लू चाललंय ना. नुसता रस्सा वाढा." बर्ड फ्लू रस्स्यात उतरत नाही, यावर महाराष्ट्रात कोकणापासून विदर्भापर्यंत एकमत आहे.

दुसरा नियम अंतराचा. त्यासाठी नवापूरचा धडा गिरवावा लागेल. नंदुरबार जिल्ह्यातलं हे गाव. भारतातला पहिला बर्ड फ्लू इथल्या पोल्ट्र्यांमध्ये १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाला. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचाच विषाणू, असं स्पष्ट सांगितलं, तरी इथे राणीखेतचा जप चालूच होता. राणीखेत म्हणजे कोंबड्यांची आपली घरची, ओळखीची मानमोडी. त्यात बिचाऱ्यांचं काय चुकलं? आपल्या शेडमध्ये मर लागली तर ती राणीखेत आणि शेजारच्या तालुक्यात लागली तर बर्ड फ्लू, हा निदानाचा साधा नियम आहे आणि मुंबई-पुण्यातही तो लागू पडतो. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. एकाच बाकड्याचा एक भाग इकडे, एक तिकडे. विषाणूने तिथे बसून आधी आपलं राज्य ठरवायला हवं होतं, पण तो शिकलेला नव्हता.

भीती किती दिवस टिकवायची? हा प्रश्न भावाचा आहे, आरोग्याचा नाही. फळ्यावरचा भाव पडायला लागला की भीती वाढवायची. तो अगदी तळाला गेला की दोन किलो घेऊन फ्रीजर भरायचा आणि घरी सांगायचं, "नीट शिजवलं की काही होत नाही गं, डॉक्टरच म्हणतात." तेच डॉक्टर, ज्यांचं गेल्या आठवड्यात ऐकायचं नव्हतं. आणि पोल्ट्रीवाल्यांनी लोकांचा विश्वास परत मिळवायला फुकट चिकनच्या पंगती घातल्या, कुणी पुढारी कॅमेऱ्यासमोर तंगडी तोडायला बसला, तर त्या दिवसापुरती भीती पूर्ण स्थगित करून रांगेत लवकर नंबर लावा. २०२० साली तर चिकनने कोरोना होतो या नुसत्या अफवेवर भाव मातीमोल झाले होते. विषाणूचा पत्ता नसताना शेतकरी कर्जात बुडाला. याला म्हणतात जनतेची ताकद.

औषधाचं म्हणाल तर तेही घरात आहे. टॅमीफ्लू हे फ्लूवरचं औषध ज्या शिकिमिक आम्लापासून करतात ते चक्रीफुलातून काढत, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आता त्या आम्लाचं औषध होईपर्यंत कारखान्यात त्यावर बऱ्याच रासायनिक प्रक्रिया होतात. ग्रुपवर मेसेज पुढे ढकलताना एवढी ओळ तेवढी खोडा. बाकी गोडा मसाला, आपले पूर्वज, नासा, हे नेहमीचं तुम्हाला जमेलच.

काही बातम्या मात्र मुळीच वाचू नका, मूड जातो. १९९७ साली हाँगकाँगमध्ये हा फ्लू पहिल्यांदा माणसांना झाला, १८ जणांना, त्यातले ६ गेले. २००३ पासून जगभरात नऊशेहून जास्त माणसांना झाला आणि जवळपास निम्मी दगावली. त्यातल्या बहुतेकांचा संबंध चिकन हंडीशी नसून आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी आला होता. माणसाकडून माणसाला तो अजून सहजी जात नाही, आणि नेमकं तेच कधी बदलेल याची शास्त्रज्ञांना धास्ती आहे. २०२४ मध्ये तो अमेरिकेत दुभत्या गाईंत सापडला. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने मेले. पक्ष्यांचा रोग वाघापर्यंत पोचला, तेव्हा आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर लिफ्टच्या देखभालीचा वाद चालू होता, आणि तो महत्त्वाचाही होता. अमेरिकेतल्या गाईंचं दूध पाश्चराइज केलं की धोका राहत नाही, पण तुम्ही तर धारोष्ण दुधाचे भक्त, त्यामुळे ही बातमी दुहेरी टाळा.

महासाथीचंही असंच. "आता काही उरलंय का बघायचं? कोरोना पाहिला," असं म्हणायचं आणि मास्कचा जुना गठ्ठा माळ्यावर आहे की भंगारात गेला, हे बायकोला विचारायचं. एवढी तयारी पुष्कळ झाली.

एक वर्ग मात्र असा आहे की त्याला मनापासून घाबरायलाच हवं. साथ जाहीर झाली की आजूबाजूच्या पट्ट्यातल्या झाडून सगळ्या कोंबड्या मारायला माणसं लागतात. पशुसंवर्धनचे कर्मचारी, रोजंदारीवरची पोरं. भर उन्हात प्लास्टिकच्या पांढऱ्या सूटमध्ये घामाने निथळत ती शेडमागून शेड रिकामी करतात, पक्षी पोत्यांत भरतात, खड्ड्यात टाकून वर चुना पसरतात. कुणाच्या अंगणातल्या चार गावरान कोंबड्याही सोडता येत नाहीत; म्हातारी टोपल्याखाली झाकून ठेवते, ती टोपली उचलावी लागते. असा एखादा पोरगा तुमच्या ओळखीचा निघाला तर त्याला घरात घेऊ नका, पाणी पेल्यात न देता बाटलीतून द्या, आणि उंबऱ्याच्या आतूनच विचारा, "काय रे, पट्ट्याबाहेर चिकन कितीला चाललंय?"